सोळापैकी चौदा

मी एकतीस वर्षं परराष्ट्र धोरण शिकवलं आणि या काळात देशाबाहेर एकदाही पाऊल टाकलं नाही. एकदा पासपोर्ट काढला होता, त्याची मुदत कपाटातच संपली. नगरच्या आमच्या कॉलेजात एम.ए.ला राज्यशास्त्र घेणारी निम्मी मुलं स्पर्धा परीक्षेच्या आशेने यायची आणि उरलेली दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून. जग कसं चालतं ते मी त्यांना खडूने फळ्यावर दाखवायचे.

'बदलत्या जगात राष्ट्राच्या परराष्ट्र धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे' हा प्रश्न सोळा गुणांना हमखास यायचा. त्याच्या माझ्या नोट्स साऱ्या जिल्ह्यात फिरायच्या. कर्जतच्या झेरॉक्सवाल्याकडेही मिळतात, असं मला मुलांनीच सांगितलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत मी अलिप्ततेवर चार पानं द्यायचे. पुढे ती दोनवर आली आणि त्यांच्या जागी व्यूहात्मक स्वायत्तता आली. राष्ट्रहित मात्र कायम पहिल्या क्रमांकावर. शेवटी समारोपाला एक वाक्य होतं, ते कुठल्याही पुस्तकातलं नव्हतं, माझंच होतं: 'मोठे राष्ट्र आपल्या मित्रांना वाऱ्यावर सोडत नाही.' ते लिहून देताना माझा आवाज थोडा चढायचा. मुलं खाली मान घालून लिहून घ्यायची.

कोरोनाच्या आदल्या वर्षी आमच्या वर्गात हेरातची एक मुलगी आली. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर अफगाणिस्तानातून मुलं पुण्याला यायची, त्यांतलीच ती एक. नगर तिच्या वाट्याला कसं आलं ते तिलाही नीट माहीत नव्हतं. उंच होती, पायात कायम कॅनव्हासचे बूट असायचे, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची. हिंदी तिला टीव्हीवरच्या मालिका बघून येत होतं, त्यामुळे सुरुवातीला ती कॉलेजच्या क्लार्कशीसुद्धा मालिकेतल्या सुनेसारखी बोलायची.

लॉकडाऊन लागलं आणि कॉलेजने दोन दिवसांत हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं. बाकीच्या मुली अकोले, नेवासा, शेवगाव अशा आपापल्या गावी गेल्या. ही जाणार कुठे? मी एकटीच राहते, सावेडीतल्या माझ्या घरात वर दोन खोल्या आहेत. म्हटलं, चल. पंधरा दिवसांसाठी आलेली मुलगी सव्वा वर्ष राहिली.

माझ्याकडे स्वयंपाकाला एक मावशी येतात, कर्जतकडच्या. त्यांची आणि या मुलीची गट्टी माझ्याआधी जमली. मावशींना हिंदी येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती, म्हणून मुलगीच मराठी शिकली. तेही मावशींचं मराठी. एके दिवशी मला म्हणाली, "मॅडम, आज चटणी लई तिखट हाय." मी हसत हसत खालीच बसले. मग तिला वाचायला-लिहायलाही शिकवलं, कारण बाहेर जाता येत नव्हतं आणि दिवस मोठे होते. तीन महिन्यांत ती दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, सहा महिन्यांत पेपर.

निर्बंध थोडे सैल झाले तेव्हा मी तिला गाडीने भंडारदऱ्याला नेलं. ती धरणाच्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आमच्या हेरातजवळ पण धरण हाय. तुमच्या देशानं बांधलं. उद्घाटन झालं तेव्हा आमच्या कॉलेजातून मुलींना नेलं होतं, हातात दोन्ही झेंडे देऊन." मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. जणू ते धरण मीच बांधलं होतं. पुढच्या ऑनलाइन तासाला मी ते उदाहरण म्हणून वापरलंसुद्धा.

त्याच तासाला तिने विचारलं होतं, "मॅडम, तत्त्व आणि राष्ट्रहित यांचं भांडण झालं तर देश काय करतो?"

मी म्हणाले, "धोरण चांगलं असेल तर तशी वेळ येत नाही. दूरचं बघितलं की दोन्ही एकाच बाजूला असतात."

"आणि जवळचं बघितलं तर?"

पडद्यावरच्या चौकटींतली दोन-तीन मुलं हसली. मी वेळ संपल्याचं सांगून तास थांबवला.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये तिच्या घरून फोन आला. आईच्या पोटात गाठ निघाली होती, शस्त्रक्रिया ठरली होती. परीक्षा कोरोनामुळे लांबल्या होत्या, प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. तिला जायचं होतं आणि भीतीही वाटत होती. एकेक जिल्हा पडत चालल्याच्या बातम्या तेव्हा रोजच येत होत्या. ती दोन दिवस वरच्या खोलीतून खाली उतरली नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात बसून तिने मला विचारलं, "मॅडम, गेले तर परत येता येईल?"

मावशी कणीक मळत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "नगं जाऊ, पोरी. आई बरी हुईल. तू अडकशील."

मावशींनी आयुष्यात पेपर वाचलेला नाही. मी रोज तीन वाचायचे. मी म्हणाले, "मावशी, तुम्ही उगीच घाबरवू नका." आणि मुलीला म्हणाले, "तुझ्या पासपोर्टवर भारत सरकारचा व्हिसा आहे. वर्षाची मुदत शिल्लक आहे. तू आमच्या सरकारची पाहुणी आहेस. जा, आईला भेट, महिन्याभरात परत ये. काबूल इतक्या लवकर पडत नाही." मी तिला नकाशा काढून दाखवला. कुठल्या शहराला किती फौज आहे, कुठे किती महिने लागतील, सगळं समजावलं. मी फार छान समजावते, असं सगळेच म्हणायचे.

तिला मीच माळीवाड्याच्या स्टँडवरून पुण्याच्या गाडीत बसवलं. मावशीही आल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी आणि धपाट्यांचा डबा घेऊन. गाडी हलल्यावर मावशी माझ्याकडे न बघताच रिक्षाकडे चालू लागल्या.

महिन्याभरात हेरात पडलं. त्यानंतर तीन दिवसांत काबूल.

आईची शस्त्रक्रिया झाली होती. तिने पहिल्या फोनवर तेवढंच सांगितलं, की आई बरी आहे. दहा-बारा दिवसांनी बातमी आली की भारताबाहेर असलेल्या सगळ्या अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द झाले आहेत. त्यांनी नव्याने, वेगळ्या प्रकारच्या व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज करायचा. बातमी वाचून मी आधी स्वतःशीच म्हटलं, बरोबर आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे, काही पासपोर्ट चोरीला गेलेत म्हणतात. माझ्या डोक्यात ते वाक्य नोट्समधल्या वाक्यासारखं तयारच होतं. मग माझ्या लक्षात आलं की मी कोणाबद्दल वाचते आहे.

तिने त्याच दिवशी नवा अर्ज भरला. स्क्रीनवर आलेला क्रमांक मला पाठवला. मी तो वहीत लिहून ठेवला. रोज बघायचे. 'प्रक्रियेत आहे.' दोन महिन्यांनंतरही 'प्रक्रियेत आहे.'

मी पत्रं लिहायला लागले. दिल्लीला, मुंबईला, शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयाला. दर महिन्याला एक. पोस्टात टाकण्याआधी त्याचा फोटो काढून तिला पाठवायचे, म्हणजे तिला धीर येईल. उत्तरं आली, नाही असं नाही. 'आपले पत्र योग्य कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे.' संबंधित विभागाला लिहिलं की ते पुन्हा दुसऱ्या संबंधित विभागाकडे पाठवायचे.

एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात मी स्वतः गेले. तिथला स्वीय सहायक माझाच जुना विद्यार्थी निघाला. पाया पडला, चहा मागवला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मॅडम, ही मुलगी नगरची मतदार आहे का?"

"ती अफगाणिस्तानची आहे. शिष्यवृत्तीवर आली होती, भारताची पाहुणी."

"मग साहेबांनी कोणत्या नात्याने पत्र द्यायचं?" तो खरोखर विचारत होता. त्याच्या बोलण्यात मस्करी नव्हती. "आणि मॅडम, तुम्हीच तर शिकवलं ना, राष्ट्रहित पहिलं. आज दिल्लीत कोणी या विषयाला हात लावणार नाही."

चहा चांगला होता. मी पूर्ण प्यायले आणि घरी आले.

ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाली. कॉलेज पूर्ण उघडलं नव्हतं, म्हणून ती ऑनलाइन ठेवली. उत्तरं कागदावर हाताने लिहून, फोटो काढून पाठवायची. मी तिला कळवलं, तिने होकार दिला. हेरातला वीज दिवसातून दोन-तीन तास असायची, ती कधी येईल त्याचा नेम नसायचा. पेपरच्या दिवशी ती शेजारच्यांच्या सौर बॅटरीवर फोन चार्ज करून बसली होती, हे मला नंतर कळलं.

उत्तरपत्रिकांवर नाव नसतं, आसन क्रमांक असतो. पण फोटोत कागदाच्या कडेला लाल गालिचा दिसत होता आणि अक्षर मला ओळखीचं होतं. तिसरा प्रश्न तोच होता, मार्गदर्शक तत्त्वांचा. मीच काढलेला पेपर, तो जुलैमध्येच जमा केला होता.

तिने मराठीत उत्तर लिहिलं होतं, माझ्या नोट्समधलं, ओळ न् ओळ. शांततापूर्ण सहजीवन, स्वायत्तता, शेजाऱ्यांशी सौहार्द, विकासातलं सहकार्य. उदाहरण म्हणून हेरातजवळचं धरण. मी दुसऱ्या पानावर आले तेव्हा मला वाटत होतं, आता ती काहीतरी लिहील. एखादं वाक्य, एखादा टोमणा, निदान एखादं प्रश्नचिन्ह. काही नव्हतं. समारोपाला शेवटची ओळ होती: मोठे राष्ट्र आपल्या मित्रांना वाऱ्यावर सोडत नाही. तिने ती अधोरेखितही केली होती, कारण मी वर्गात सांगायचे की समारोप अधोरेखित करा, तपासणाऱ्याच्या नजरेत भरतो.

मला तो दिवस आठवतो. मी उठून तोंड धुतलं. परत येऊन बसले. आणि सोळापैकी चौदा दिले. दोन गुण कापले, ऐतिहासिक पार्श्वभूमी लिहिली नव्हती म्हणून. ते मी नेहमीच कापायचे. हात आपोआप चालला. आज कुणी विचारलं की तुमच्या नोकरीतली सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट कोणती, तर मी ते दोन गुण सांगेन.

लेखी परीक्षेत ती पास झाली, पण प्रबंधाची तोंडी परीक्षा राहिली होती. तोवर कॉलेज उघडलं होतं आणि परिपत्रक आलं होतं की तोंडी परीक्षेला विद्यार्थ्याने प्रत्यक्ष हजर राहिलं पाहिजे. प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांनी व्हिडिओ कॉलसाठी वर विनंती पाठवली. ती विनंती एका समितीपुढे गेली, समितीने दुसऱ्या समितीचं मत मागवलं. निकालपत्रावर तिच्या नावापुढे 'अपूर्ण' असा शेरा पडला, तो आजही तसाच आहे. तिच्या वर्गातली बाकीची मुलं पास झाली. त्यांतला एक आता दिल्लीत परराष्ट्र संबंधांवर पीएच.डी. करतो. गेल्या वर्षी भेटायला आला होता, पेढे घेऊन.

परीक्षेच्या पुढच्या वर्षी डिसेंबरात तिकडे मुलींसाठी विद्यापीठं बंद झाली. ती घरातल्या घरात शेजारच्या लहान मुलींना इंग्रजी शिकवायची. मग तिचं लग्न ठरलं. नवरा बरा आहे, म्हणाली. औषधांचं दुकान आहे. मी अभिनंदन केलं. दुसरं काय म्हणणार होते?

माझी पत्रं तेव्हा चालूच होती. मग माझ्या निवृत्तीची कागदपत्रं सुरू झाली, गुडघ्याचं दुखणं सुरू झालं. एका महिन्याचं पत्र राहिलं. पुढच्या महिन्यात दोन लिहू म्हटलं, तेही राहिलं. कोणी ठरवून बंद करतं असं नाही. मी तिला ते सांगितलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तिकडच्या नव्या सरकारचे मंत्री दिल्लीत आले. त्यांचं स्वागत झालं, बैठका झाल्या, मदतीच्या घोषणा झाल्या. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकार नव्हत्या. त्यावर ओरड झाली, मग दुसरी घेतली आणि तिथे त्यांना बोलावलं. त्याच संध्याकाळी एका स्थानिक वर्तमानपत्रातून मला फोन आला. "मॅडम, तज्ज्ञ म्हणून तीनशे शब्द द्या ना. हे पाऊल योग्य की अयोग्य?"

मी दिले. अर्ध्या तासात लिहिले. संवाद म्हणजे मान्यता नव्हे. शेजारातली जागा रिकामी सोडली तर ती दुसरा कोणीतरी भरतो. भावना बाजूला ठेवून वास्तव पाहिलं पाहिजे. हे सगळं मला तेव्हाही पटत होतं आणि आजही त्यातलं एक वाक्य मला चुकीचं वाटत नाही. मला राग येतो तो याचाच. मी खोटं लिहिलं असतं तर निदान माफी मागता आली असती.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. तिच्या वर्गातल्या कोणीतरी तिला माझा लेख पाठवला होता, 'आपल्या मॅडम' म्हणून. तिने देवनागरीत लिहिलं होतं: 'मॅडम, लेख वाचला. मराठी अजून समजते. चांगला लिहिला हाय.'

मी त्या मेसेजला उत्तर द्यायला चार दिवस घेतले आणि शेवटी फक्त 'धन्यवाद' लिहिलं.

जानेवारीत नेवाशाकडच्या एका कॉलेजने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय तोच, माझा सोळा गुणांचा प्रश्न. मी घोडेगावपर्यंत बसमध्ये नोट्स चाळत होते. मग बंद केल्या. व्यासपीठावर उभी राहिल्यावर मी तत्त्वं सांगितलीच नाहीत. मी या मुलीची गोष्ट सांगितली, सुरुवातीपासून. व्हिसाचं माझं आश्वासन सांगितलं, ते दोन गुण सांगितले, लेखसुद्धा सांगितला. म्हणाले, राष्ट्र दिलेला शब्द मोडतं तेव्हा त्याला कारणं असतात, आणि ती बहुतेक वेळा खरीही असतात. तरी ज्याला तो शब्द दिला होता त्याच्यापुढे कोणीतरी उभं राहायला हवं, निदान एक माणूस, हे तुम्ही कुठेतरी लिहून ठेवा.

मुलांना ते समजलं की कंटाळा आला, हे मला शिक्षक असूनही ओळखता आलं नाही. आभार मानणाऱ्या प्राध्यापकांनी सांगितलं की मॅडमनी विषयाला भावनिक स्पर्श दिला, आता विद्यार्थ्यांनी मुख्य मुद्दे उतरवून घ्यावेत, आणि त्यांनी फळ्यावर एक ते सात क्रमांक टाकून तत्त्वं लिहिली. मुलं वह्या उघडून लिहू लागली. चौथ्या क्रमांकाचं वाक्य माझ्या नोट्समधलं होतं.

नेवासा फाट्यावर गाडीची वाट बघत असताना मी तिला फोन लावला. पहिल्याच प्रयत्नात उचलला गेला. मागे लहान मूल रडत होतं. तिला मुलगी झाली होती, आठ महिन्यांची. मला ते माहीतच नव्हतं.

मी म्हणाले, "आज मी कॉलेजात तुझ्याबद्दल बोलले. सगळ्यांसमोर."

ती एकदम घाबरली. "नाव घेतलं का, मॅडम?"

"नाही. नाव नाही घेतलं."

"बरं केलं. घेऊ नका कधी."

मग मी तिला सांगून टाकलं. म्हणाले, "मी पत्रं लिहिणं बंद केलं होतं. दीड वर्ष झालं. तुला सांगितलं नव्हतं."

ती मुलीला थोपटत होती, तो आवाज येत होता. म्हणाली, "मला माहीत होतं. फोटो यायचे बंद झाले ना, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

फाट्यावर उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक जात होते, मला नीट ऐकू येत नव्हतं. तिने मावशींची चौकशी केली. म्हणाली, मावशींना सांगा, त्यांचं ऐकायला पाहिजे होतं. हे ती रागाने म्हणाली नाही, सहज म्हणाली, आणि मी "हो" म्हटलं. मग म्हणाली की हा नंबर आता बंद होईल. सासऱ्यांना बाहेरच्या देशातले फोन आलेले चालत नाहीत, दिवस बरे नाहीत, उगीच कोणी काही विचारतं. जमेल तेव्हा ती स्वतःच करेल.

त्याला आता काही महिने झाले. मावशी भाकरी थापताना अजून विचारतात, "पोरीचा फोन आल्ता का वो, बाई?" मी न्हाई म्हणते. त्या पुढचा गोळा हातात घेतात.